उल्लेखनीय इतिहास नाही

उत्तरा देवरेच्या नावाचा रिपोर्ट तिच्या हातात पडला तो तिच्या कंपनीकडून नाही. पोर्तुगालमधल्या एका निवृत्त शिक्षिकेने तो तिला पाठवला.

मंगळवारी सकाळी आठ वाजता, अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉयच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून तिने तो मेल उघडला. मेलमध्ये एक ओळही लिहिलेली नव्हती. नुसती फाइल होती, आणि सातव्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर एका वाक्याखाली लाल रेघ ओढलेली होती. वाक्य असं होतं: ‘प्रकल्पाचं क्षेत्र विरळ वस्तीचं आणि अल्प वापराच्या झुडपी जमिनीचं असून त्याला उल्लेखनीय इतिहास नाही.’ पानाच्या तळाशी लेखकाचं नाव होतं. उत्तरा देवरे, सीनियर जीआयएस अ‍ॅनालिस्ट.

तिने प्रकरण पुढे सरकवलं. दीड पानात संपलं. तिने शेहेचाळीस पानं लिहिली होती.

तिने गाडी बंद केली, पण उतरली नाही. कॉफीचा कप तिने होल्डरमध्ये आदळला, तशी अर्धी कॉफी सीटवर सांडली.

उत्तराच्या कंपनीचं काम सल्ला देण्याचं. कुठे कारखाना काढायचा, कुठे खाण खणायची, तिथली जमीन कशी आहे, पाणी किती आहे, माणसं किती आहेत, हे नकाशांवर मांडून द्यायचं. आसपासच्या गाड्यांच्या कंपन्यांना आता बॅटरी हव्या होत्या आणि बॅटरीला लिथियम हवं होतं. अशाच एका बॅटरी कंपनीला पोर्तुगालच्या उत्तरेला, स्पेनच्या सीमेलगत, मोंटारेल नावाच्या भागात लिथियम सापडलं होतं. मोंटारेल म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याएवढा मुलूख. त्याला स्वतःची नगरपालिका आहे आणि तिच्या हद्दीत डोंगरावर विखुरलेली तीसेक खेडी. खाणीच्या परवानगीसाठी जो भला मोठा अभ्यास सरकारला द्यायचा होता, त्यातलं ‘इतिहास आणि भूगोल’ हे प्रकरण उत्तराकडे आलं. कोणालाच नको होतं, म्हणून आलं.

‘‘आठवड्याचं काम आहे,’’ तिचा बॉस गिरीश सबनीस तेव्हा म्हणाला होता. ‘‘इंटरनेटवरून चार गोष्टी घे, दोन मॅप लाव, संपलं.’’

तिने साडेतीन महिने घेतले. रोजचं काम सांभाळून.

मोंटारेलचा मुलूख सगळा खडकाचा आहे. नऊशे मीटर उंचीचं पठार, करड्या ग्रॅनाइटचं, हिवाळ्यात बर्फ आणि उन्हाळ्यात भाजणारं ऊन. तेराव्या शतकात तिथल्या राजाने सनद दिली ती एवढ्याचसाठी, की सीमेवर कोणीतरी राहावं. लोक राहिले. राय हे गव्हासारखं धान्य पेरलं, लांब शिंगांच्या गाई पाळल्या, दगडाची घरं बांधली आणि पाणी वाटून घ्यायची रीत बसवली. डोंगरमाथा कोणा एकाचा नव्हता, सगळ्या गावाचा होता. आपलं गायरान असतं तसाच. मग शंभर वर्षांच्या आत तीनदा त्या माथ्यावर कोणी ना कोणी हात टाकला. आधी जंगलखातं आलं. हुकूमशाहीचे दिवस होते. गायरान सरकारजमा झालं, तिथे पाइन लावले आणि शेळ्या हाकलल्या. दुसऱ्या महायुद्धात टंगस्टनवाले आले, त्यांनी डोंगर पोखरला आणि युद्ध संपताच खड्डे तसेच टाकून निघून गेले. जगायला काही उरलं नाही म्हणून अर्धा मुलूख फ्रान्सला बांधकामावर गेला. चौदा हजारांची वस्ती पाच हजारांवर आली. चौऱ्याहत्तरमध्ये तिथे क्रांती झाली आणि त्यानंतर कायद्याने गायरान गावांना परत मिळालं. आता तिसऱ्यांदा, त्याच माथ्याखाली लिथियम निघालं होतं.

बरोबर त्याच्यावर लामेदो नावाचं गाव होतं. शहाऐंशी घरं, दोनशे चौदा माणसं.

उत्तराला लामेदो सोडवेना, त्याला कारण पाणी होतं. उपग्रहाच्या चित्रात तिला डोंगराच्या उतारावर केसासारख्या बारीक रेघा दिसल्या. दुसऱ्या कोणाला त्या पायवाटा वाटल्या असत्या. तिला पाहताक्षणी कळलं की हे पाट आहेत. ती साक्री तालुक्यातली. पांझरा नदीवरच्या फडात तिचे वडील पाटकरी होते. फडाची जमीन ज्याची त्याची, पण बंधारा सगळ्यांचा आणि पाणी पाळीने. कोणाच्या वाफ्यात कधी पाणी सोडायचं आणि कधी तोडायचं हे पाटकरी ठरवणार, आणि गावातला सगळ्यात मोठा माणूससुद्धा त्याला आडवं बोलणार नाही. वडील खांद्यावर कुदळ घेऊन पाटाच्या कडेने चालायचे आणि लहान उत्तरा त्यांच्या मागून. पाट कसा वळतो, चढ असला तर तो कसा बगल देतो, हे तिच्या पायांना ठाऊक होतं.

तिने मोंटारेलच्या नगरपालिकेला मेल टाकला. उत्तर आलं ते सेलेश्तबाईंचं.

सेलेश्तबाई त्र्याहत्तर वर्षांच्या. लामेदोच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, मग मुलंच उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली. आता गायरानाच्या ग्रामसभेच्या त्या अध्यक्ष होत्या. इंग्रजी मोडकंतोडकं, पण बोलायची भीड अजिबात नाही. उत्तरा सकाळी आठला कॉल करायची, तेव्हा तिकडे दुपारचा एक वाजलेला असायचा आणि बाई जेवण आटोपून बसलेल्या असायच्या. त्यांनी फोन हातात घेऊन उत्तराला सगळा माथा दाखवला. एकसष्ट झरे. प्रत्येकाला नाव होतं. शेवटी शेवटी त्यांनी पाळीची वही दाखवली. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत कोणत्या घराला कोणत्या वारी पाणी, कोणत्या खडकावर सावली आली की पाट फिरवायचा, हे पाच पिढ्यांच्या हातांनी लिहिलेलं. उत्तराने आपल्या वडिलांबद्दल सांगितलं, तेव्हाच बाई ती वही काढायला उठल्या होत्या. मग म्हणाल्या होत्या, ‘‘म्हणजे तुम्हाला कळतं.’’

ते सगळं उत्तराने शेहेचाळीस पानांत लिहिलं आणि पाठवलं. त्यानंतर चार महिने तिला कोणी काही विचारलं नाही. आणि आता हे दीड पान.

गिरीश सबनीस त्रेसष्ट वर्षांचा होता. तीस वर्षांपूर्वी मिशिगनला आला, तेव्हा इथे भाजीत घालायला कढीपत्ता मिळत नव्हता, असं तो दर वेळी सांगायचा. इथल्या मराठी मंडळाचा दोनदा अध्यक्ष. उत्तराला नोकरी त्यानेच दिली, व्हिसाची कागदपत्रं त्यानेच पुढे सरकवली, उत्तरा आणि तिचा नवरा ऋषी यांना मुलगी झाली, अंतरा, तेव्हा गिरीशच्या बायकोने, नीनाकाकूने, पंधरा दिवस डबा पोचवला. ऑफिसात बाकी सगळे त्याला गिरीश म्हणायचे. उत्तरा मराठीत बोलताना काका म्हणायची.

ती दार न वाजवता त्याच्या केबिनमध्ये शिरली.

‘‘काका, माझा चाप्टर कुठे गेला?’’

त्याने स्क्रीनवरून मान वर केली. ‘‘कुठला?’’

‘‘मोंटारेल. शेहेचाळीस पानं दिली होती मी.’’

‘‘हां, ते. अगं, एडिट झालं. बस ना.’’

‘‘नाही बसत. एडिट कोणी केलं?’’

‘‘उत्तरा, दोन हजार पानांचा रिपोर्ट आहे. त्यात पाट आणि सावल्या कोण वाचणार? क्लायंटने म्हटलं, टाइट करा. मी टाइट केलं.’’

‘‘एकसष्ट झरे होते. मॅपवर नऊ आहेत.’’

‘‘बाकीचे सीझनल आहेत. ऑगस्टमध्ये आटतात. तूच लिहिलं होतंस.’’

‘‘मी लिहिलं होतं, कमी होतात. आटत नाहीत. कमी होणं आणि आटणं यातला फरक तुम्हाला कळतो, काका. तुम्ही हायड्रॉलॉजी शिकवायचात.’’

गिरीशने खुर्ची मागे घेतली. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. ‘‘तू कुठली गाडी चालवतेस?’’

तिची गाडी इलेक्ट्रिक होती.

‘‘मग लिथियम कुठून आणायचं? चिलीतून आणलं की तिथले लोक ओरडतात. चीनकडून घेतलं की इथले ओरडतात. कुठेतरी तर खणावं लागेल ना? दोनशे म्हातारी माणसं आहेत तिथे. वीस वर्षांनी तसंही कोणी उरणार नाही.’’

‘‘खणू दे ना! मी खणू नका म्हटलं का? तिथे माणसं आहेत, त्यांचं पाणी आहे असं लिहा, सरकारला ते वाचू दे आणि मग काय ठरवायचं ते ठरवू दे. माणसं नाहीतच असं कसं लिहिता? आणि ते माझ्या नावावर?’’

‘‘आवाज खाली.’’

‘‘माझं नाव काढा.’’

‘‘फाइल झालंय ते. नाव काढायचं म्हणजे अख्खं परत भरायचं. राहू दे. पानाच्या तळाशी कोण नाव बघतंय?’’

‘‘ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांनी बघितलं!’’

काचेच्या भिंतीपलीकडे दोघा-तिघांनी माना वळवल्या. त्यात अरुण होता, नागपूरचा, तिच्याच टीममधला. गिरीशने त्याच्याकडे पाहून हात हलवला, काही नाही अशा अर्थाने. मग उत्तराला म्हणाला, ‘‘जानेवारीत तुझं व्हिसा एक्स्टेन्शन आहे. ऋषीचं वर्क परमिटही त्याच्यावरच. मी धमकी देत नाहीये, लक्षात घे. मी फक्त म्हणतोय, डोकं शांत ठेव.’’

धमकी देत नाहीये म्हणाला, त्याच क्षणी तिला त्याच्याकडे पाहवेना. ती बाहेर पडली.

गुरुवारी सकाळी तिने सेलेश्तबाईंना कॉल लावला. त्याआधी दोन दिवस ती काय बोलायचं ते मनात जुळवत होती. बाईंनी कॉल घेतला, पण नेहमीसारखं ‘जेवलात का’ विचारलं नाही.

‘‘ते मी लिहिलेलं नाही,’’ उत्तरा म्हणाली.

‘‘तुमचं नाव आहे.’’

‘‘माझं लिखाण कापलं. मला न विचारता. मला माहीतसुद्धा नव्हतं.’’

‘‘चार महिने झाले तुम्ही ते देऊन. चार महिन्यांत तुम्ही विचारलंत, काय झालं त्याचं म्हणून?’’

तिने विचारलं नव्हतं. दुसरं काम आलं होतं, ओहायोतल्या एका गोदामाचं.

‘‘खाणवाल्यांचा मला राग येत नाही,’’ सेलेश्तबाई म्हणाल्या. त्यांना एकेक शब्द शोधावा लागत होता, त्यामुळे तो अधिकच लागत होता. ‘‘ते खाणवाले आहेत, खोटं बोलणारच. पण मी तुम्हाला वही दाखवली. माझ्या वडिलांनी ती जंगलखात्याच्या माणसाला दाखवली नव्हती. त्यांना तीन दिवस कोंडून ठेवलं होतं, तरी नाही दाखवली. मी दाखवली. का, तर तुमचे वडील पाटावर काम करायचे म्हणून. काल सभेत लोकांनी मला विचारलं, हीच का तुझी ती इंडियन मैत्रीण? मी काय सांगू त्यांना?’’

‘‘मला काहीतरी करू द्या.’’

‘‘करा. मला सांगू नका, करा. लोकांच्या हरकती घ्यायची मुदत अजून बारा दिवस आहे.’’

कॉल बंद झाला. उत्तराला राग बाईंचा नव्हता आला. बाईंनी जे विचारलं ते खरं होतं, याचा आला होता.

त्या संध्याकाळी तिने ऋषीला सगळं सांगितलं. ऋषी सीटबेल्ट बनवणाऱ्या कंपनीत आयटीमध्ये होता. स्वभावाने सावध, मुळात पुण्याचा, आणि सोळा वर्षं बायकोच्या व्हिसावर राहिल्यामुळे अधिक सावध झालेला.

‘‘तू एनडीए साइन केलाय, कंपनीचं काही बाहेर सांगणार नाही म्हणून,’’ तो म्हणाला. ‘‘काही लिहिलंस तर ते तुला काढणार. काढलं की साठ दिवस. साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर मिळाला नाही तर आपण सगळे पॅक करून परत. अंतरा टेन्थमध्ये आहे यार.’’

‘‘मला माहीत आहे.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? मला कळत नाही का साठ दिवस म्हणजे काय? रोज सकाळी उठून मी तेच मोजत असते सोळा वर्षं! पण त्या बाईने मला आपल्या घरातली वही दाखवली, ऋषी. आणि मी तिला पुसून टाकलं.’’

‘‘तू नाही पुसलंस. गिरीशकाकांनी.’’

‘‘माझ्या नावाने.’’

अंतरा जिन्यावर उभी राहून ऐकत होती. पंधरा वर्षांची, आईसारखीच तापट. ‘‘मॉम, वेट. डिड यू राइट दॅट सेंटेन्स ऑर नॉट?’’

‘‘नाही लिहिलं.’’

‘‘देन से सो,’’ ती म्हणाली आणि वर निघून गेली. ऋषी तिच्या पाठीकडे पाहत राहिला. मग तो भांडी घासायला उभा राहिला आणि प्रत्येक भांडं जरा जास्तच जोरात रॅकवर ठेवत गेला.

शनिवारी सबनीसांकडे दिवाळीचं जेवण होतं. दर वर्षी असायचं, दुपारी, चाळीसेक माणसं. उत्तराला जायचं नव्हतं. पण नीनाकाकूचा दोनदा फोन आला, आणि नीनाकाकूवर तिचा राग नव्हता. बाहेर गारठा होता, मेपलच्या पानांचा चिखल झाला होता, आणि आत सगळीकडे चकलीचा वास. गिरीश कुर्त्यात, हसतमुख. त्याने उत्तराच्या खांद्यावर हात ठेवून एका नव्या जोडप्यापुढे तिला उभं केलं. वेद आणि सलोनी, नुकतेच दुसऱ्या राज्यातल्या कॅरीहून बदली होऊन आलेले.

‘‘ही आमची उत्तरा. पोर्तुगाल एक्स्पर्ट! तिथला एक अख्खा तालुका हिने इथे बसून मॅप केलाय. हिचा रिपोर्ट आता तिकडच्या सरकारकडे आहे.’’

‘‘वॉव,’’ सलोनी म्हणाली. ‘‘काय आहे तिथे?’’

उत्तराने खांद्यावरचा हात काढला.

‘‘काही नाही,’’ ती म्हणाली. ‘‘काका, सांगा ना त्यांना तिथे काय आहे. तुम्हीच लिहिलंय ना? काही नाही तिथे. झुडपं आहेत. दोनशे चौदा माणसं होती, ती तुम्ही काढलीत. बावन्न झरे काढलेत. कबरस्तान होतं, तेही काढलंत. शाळा होती, गावाची पाव भाजायची भट्टी होती, साडेसातशे वर्षं होती. आणि खाली माझं नाव घातलंत!’’

घरातला गलका थांबला. कोणाच्या तरी लहान मुलाने टीव्हीचा आवाज वाढवला आणि कोणीतरी तो लगेच बंद केला.

‘‘उत्तरा, हे ऑफिसचं आहे,’’ गिरीश म्हणाला. ‘‘सोमवारी बोलू.’’

‘‘मंगळवारी बोललो आपण. तुम्ही मला माझा व्हिसा दाखवलात.’’

नीनाकाकू स्वयंपाकघरातून हात पुसत आली. ‘‘अगं, सणाच्या दिवशी कशाला? गिरीशने काय कमी केलंय का तुझ्यासाठी?’’

‘‘काहीच कमी केलं नाही, काकू. त्यांनी नोकरी दिली. तुम्ही डबे दिलेत. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्याच्या बदल्यात माझ्या नावाने खोटं लिहायची परवानगी मी दिली नव्हती.’’ ती थांबली आणि गिरीशकडे वळली. ‘‘मी हरकत नोंदवणार आहे. माझ्या नावाने. तुम्हाला मागून कळायला नको म्हणून आधी सांगतेय.’’

गिरीशचा चेहरा लाल झाला. इतक्या वर्षांत तिने त्याला रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. ‘‘तुला काय वाटतं, मोठी क्रांती करतेस? त्या बाईला तुझं काही पडलेलं नाही! उद्या दुसरी कंपनी येईल आणि तेच लिहील. फक्त आपली माणसं घरी बसतील. अरुण बसेल. त्याला विचारलंस का?’’

अरुण सोफ्याच्या कडेला प्लेट घेऊन उभा होता. त्याने उत्तराकडे पाहिलं नाही.

ऋषीने कोट आणले. गाडीत बसल्यावर त्याने आधी हीटर लावला. मग म्हणाला, ‘‘रेझ्युमे अपडेट कर.’’ एवढंच. पण तो तिच्या बाजूने बोलला होता, हे तिला कळलं.

कंपनीतली फाइल तिने उघडली नाही. ती कंपनीची होती. रविवारी आणि त्यानंतरचे तीन दिवस कामानंतर ती लायब्ररीत जाऊन बसली आणि जे कोणालाही उघडपणे मिळू शकतं त्यातून सगळं पुन्हा उभं केलं. पोर्तुगालच्या जनगणनेचे आकडे, जुने सरकारी नकाशे, उपग्रहाची चित्रं. चित्रांवरून पाट पुन्हा काढले, एकेक. हे काम चालू असताना तिचा राग ओसरेल असं तिला वाटलं होतं. तो ओसरला नाही. उलट प्रत्येक रेघेगणिक लक्षात येत गेलं की हे पुसायला कोणाला तरी एकेक टिंब निवडून डीलीट करावं लागलं असेल. चुकून होणारी गोष्ट नव्हती ती. कोणीतरी दुपारभर बसून केलेली होती.

बुधवारी तिने अकरा पानांची हरकत पाठवली. पहिलं वाक्य असं: ‘या अभ्यासाच्या सातव्या प्रकरणावर माझं नाव आहे, ते प्रकरण मी लिहिलेलं नाही आणि त्यातली माहिती खोटी आहे.’

शुक्रवारी तिला एचआरने बोलावलं. गिरीश त्या खोलीत नव्हता. बॅज काढून घेतला, लॅपटॉप काढून घेतला, वस्तूंसाठी एक खोका दिला. कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं, त्यात गुप्ततेच्या भंगाबद्दल चार परिच्छेद होते. त्यावर पुढे काही झालं नाही, पण दोन महिने दारावरची बेल वाजली की ती आधी खिडकीतून बघून घ्यायची.

त्या साठ दिवसांबद्दल तिने नंतर फारसं कोणाला सांगितलं नाही. सत्तावीस अर्ज, नऊ इंटरव्ह्यू. दोघांनी थेट विचारलं, तुम्ही तुमच्या आधीच्या कंपनीविरुद्ध लिहिलं होतं ना? मंडळाच्या ग्रुपवरून तिला कोणी काढलं नाही, पण तिच्या मेसेजला उत्तर येणं बंद झालं. नीनाकाकूला तिने एकदा फोन केला, तो उचलला गेला नाही. ऋषी आणि ती क्षुल्लक गोष्टींवरून भांडली, दुधावरून, थर्मोस्टॅटवरून. अंतराने शाळेतून विचारून ठेवलं की वर्षाच्या मध्येच गेलं तर ट्रान्स्क्रिप्ट कसं मिळतं, आणि ते आईला कळल्यावर दोघी एकमेकींवर ओरडल्या आणि मग एकमेकींना धरून बसल्या.

एकोणपन्नासाव्या दिवशी लॅन्सिंगमधल्या एका लहान सर्व्हे कंपनीने तिला नोकरी देऊन तिच्या व्हिसाचे कागद घेतले. काम शेतांमधलं पाणी निचरणाऱ्या चरांचे नकाशे करण्याचं. पद दोन पायऱ्या खाली, आणि गाडीने जायला दीड तास, यायला दीड तास.

फेब्रुवारीत पोर्तुगालहून बातमी आली. तिथल्या पर्यावरण खात्याने तो अभ्यास अपुरा ठरवून परत पाठवला होता. पाणी आणि वस्ती यांची मोजणी नव्याने, जागेवर जाऊन करायची होती. खाण रद्द झाली नव्हती. नव्या मोजणीला दीड-दोन वर्षं लागणार होती, आणि मग पुन्हा हरकती, पुन्हा सभा. शिवाय आलेल्या हरकती एकूण नऊशे चाळीस होत्या. उत्तराची त्यातली एक.

बॅटरी कंपनीने ट्रॉयच्या ऑफिसचं काम काढून घेतलं. चार माणसं गेली, त्यात अरुण. त्याने उत्तराला एकच मेसेज केला, ‘हॅपी?’ आणि तिचा नंबर ब्लॉक केला. तिने त्याच्यासाठी लॅन्सिंगमध्ये शब्द टाकला. तो इंटरव्ह्यूला गेला नाही. या एका गोष्टीवर ती स्वतःशी अजून भांडते. गिरीशचा राग करता येतो. अरुणचं काय करायचं ते तिला कळत नाही.

मार्चमध्ये इंडियन ग्रोसरीच्या दुकानात गिरीश समोर आला. हातात कोथिंबिरीच्या जुड्या. तो थकलेला दिसत होता. ‘‘अंतरा कशी आहे?’’ त्याने विचारलं.

‘‘बरी आहे.’’

‘‘मी तुझ्या वाईटावर नव्हतो गं.’’

‘‘मला माहीत आहे, काका,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही त्यांच्याही वाईटावर नव्हतात. तुम्ही त्यांना बघितलंच नाहीत. त्याचाच मला राग आहे, आणि तो जाणार नाही.’’ तिने ट्रॉली वळवली.

सेलेश्तबाईंकडून हरकतीनंतर एक शब्दही आला नव्हता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, लॅन्सिंगला पोचल्यावर उत्तराने मेल पाहिला. आभार नव्हते, विचारपूसही नव्हती. बाईंनी तिची अकरा पानं छापून घेतली होती, लाल पेनने तपासली होती आणि फोटो काढून पाठवली होती. एकूण सतरा चुका. दोन झऱ्यांची नावं अदलाबदल झालेली. एक पाट चुकीच्या खडकाच्या वरून नेलेला, तो खालून जातो. दोनशे चौदा माणसं म्हटलं होतं, पण जानेवारीत एक वारला आणि एक मुलगी बाळाला घेऊन फ्रान्सहून परत आली, तेव्हा दोनशे पंधरा. शेवटी एक ओळ: ‘नव्या मोजणीवाले जूनमध्ये येणार आहेत. त्यांच्या हातात आमचा नकाशा द्यायचा आहे. तो बरोबर असला पाहिजे.’

उत्तराला पहिल्यांदा रागच आला. नोकरी गेली, घर हललं, आणि या बाई शुद्धलेखन तपासतायत. तिने फटकन लॅपटॉप मिटला. चहा करून आली. परत उघडला आणि खडकाचा फोटो मोठा करून पाहिला.

पाट खालूनच जात होता. वरून गेला असता तर पाणी चढलंच नसतं. पाटकऱ्याच्या मुलीला हे दिसायला हवं होतं.

तिने ती रेघ पुसली आणि खडकाच्या खालून, उताराच्या अंगाने, नवी ओढायला घेतली.